हायब्रिड मोटार : कोणती घ्यावी, कितीला घ्यावी

'हायब्रिड' हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत प्रथम शिरला तो ज्वारीच्या पोत्यातून. १९६४ साली संकरित ज्वारीचे वाण शेतकऱ्यांच्या हाती आले. पीक भरघोस आले, आणि त्याच्या पाठोपाठ तक्रारही आली, की दाणे पुष्कळ पण भाकरीला चव नाही. तेव्हापासून हायब्रिड म्हटले की जुन्या मंडळींच्या मनात एक बारीकशी शंका डोकावते : वस्तू दिसायला मोठी, पण अस्सल नव्हे. आज तोच शब्द मोटारीच्या दुकानाच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला दिसतो. शंका विरली असेल, पण गोंधळ मात्र कमी झालेला नाही.

अशा विषयावर व्याख्यानमालेत बोलावे काय, असा प्रश्न आम्हालाही पडला होता. परंतु विचार केला तर असे दिसते, की मध्यम स्थितीच्या कुटुंबाच्या आयुष्यात घराच्या खालोखाल मोठी खरेदी मोटारीचीच असते. घर घेताना आपण वकिलाला कागद दाखवतो. मुलीचे लग्न ठरवताना चार वडीलधाऱ्यांना बोलावून याद्या करतो. आणि सतरा-अठरा लाखांची मोटार मात्र एका संध्याकाळी, गार हवेच्या दुकानात, फुकटची कॉफी पिता पिता ठरवून टाकतो! त्या संध्याकाळी ज्या गोष्टी ध्यानात असायला हव्यात त्या आज सांगाव्यात, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम या यंत्राचा स्वभाव पाहू. पेट्रोल आणि वीज या दोन्ही शक्ती एका गाडीत नांदवण्याची कल्पना नवी नाही. फर्डिनांड पोर्श याने १९०० सालीच तशी गाडी बनवली होती. पण ती कल्पना बाजारात मोठ्या प्रमाणावर उतरली ती १९९७ च्या डिसेंबरात, टोयोटा कंपनीने जपानमध्ये 'प्रियस' विकायला काढली तेव्हा. तीच गाडी २०१० साली आपल्या देशात आली, पण परदेशातून तयार येत असल्यामुळे तिची किंमत सामान्य माणसाने दुरूनच नमस्कार करावा अशी होती. खरा बदल झाला २०२२ साली. त्या वर्षी मे महिन्यात होंडाची 'सिटी' हायब्रिड रूपात आली, आणि सप्टेंबरात टोयोटाची 'हायरायडर' व मारुतीची 'ग्रँड व्हिटारा' या दोन गाड्या आल्या. या शेवटच्या दोघी सख्ख्या बहिणी आहेत. बंगळूरजवळच्या बिडदी येथील एकाच कारखान्यात दोघींचा जन्म होतो; यंत्र एकच, सांगाडा एकच, फक्त चेहरा आणि कुंकू निराळे. आजचे आमचे विवेचन मुख्यतः या दोन बहिणींना धरून आहे, कारण गिऱ्हाइकाला शिकण्यासारखे सर्व काही त्यांच्यात आहे.

दुकानात शिरल्यावर पहिली फसगत येथेच होते. या एकाच गाडीत दोन प्रकारची 'हायब्रिड' मिळते. एकीला 'माइल्ड' म्हणतात, दुसरीला 'स्ट्राँग'. आपण त्यांना सौम्य आणि पूर्ण म्हणू. सौम्य हायब्रिडमध्ये इंजिनाच्या पट्ट्यावर एक लहानसे विद्युतयंत्र बसवलेले असते. ते सिग्नलला बंद पडलेले इंजिन अलगद चालू करते, वेग घेताना थोडासा हात देते, आणि गाडी मंदावताना थोडी वीज साठवते. पण केवळ विजेवर ही गाडी एक पाऊलही चालू शकत नाही. पूर्ण हायब्रिडची गोष्ट निराळी. तिच्यात १४९० घन सेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन, एक जोरकस विद्युत मोटर आणि १७७.६ व्होल्टची लिथियम बॅटरी असते. गर्दीत हळू चालताना इंजिन चक्क बंद असते आणि गाडी विजेवर सरकते. ही बॅटरी भिंतीच्या प्लगला कधीच लावावी लागत नाही. इंजिन आणि ब्रेक हेच तिचे अन्नदाते. तेव्हा विक्रेता नुसते "हायब्रिड आहे" म्हणाला तर समाधान मानू नये. "विजेवर एकटी चालते काय?" एवढा एकच प्रश्न विचारावा.

पेट्रोल वाचते कोठून, हेही समजून घेतले पाहिजे, कारण गाडी आपल्यासाठी आहे की नाही हे त्यावरच ठरते. साधी गाडी ब्रेक मारताना आपला वेग उष्णतेच्या रूपाने वाऱ्यावर उधळून देते. पूर्ण हायब्रिड त्या वेगाची वीज करून साठवते आणि पुढच्या सिग्नलवरून निघताना तीच वापरते. म्हणजे जेथे थांबणे-निघणे अधिक, तेथे बचत अधिक. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर किंवा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर रोज अडकणाऱ्या माणसाला ही गाडी दुवा देईल. उलट जो मनुष्य आठवड्यातून एकदा द्रुतगती मार्गावरून एकसारख्या वेगाने जातो, त्याच्या वाट्याला ब्रेकचे दान फारसे येत नाही. तेथे इंजिनालाच राबावे लागते. फायदा तेथेही होतो, कारण इंजिनाची रचनाच काटकसरीची आहे. पण तो डोळ्यांत भरण्याजोगा नसतो.

आता थोडे गणित. कंपनीचा दावा पूर्ण हायब्रिडला लिटरमागे २७.९७ किलोमीटरचा आहे. सौम्य गाडीला तो २१ च्या आसपास. हे आकडे प्रयोगशाळेतले आहेत, म्हणून आपण हात राखून धरू : शहरात पूर्ण हायब्रिड २२ आणि सौम्य, स्वयंचलित गिअरची गाडी १४. वर्षाला १२ हजार किलोमीटर गाडी चालते असे समजू. एकीला ५४५ लिटर पेट्रोल लागेल, दुसरीला ८५७. वाचले ३१२ लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर बचत ३२,७६० रुपयांची. दोन गाड्यांच्या किमतीतले अंतर तीन लाख असेल, तर ते भरून यायला नऊ वर्षे लागतील. तेच अंतर रोजच्या दूरच्या नोकरीमुळे वर्षाला २० हजार किलोमीटर झाले, तर साडेपाच वर्षांत हिशेब मिटतो. आणि ज्यांची गाडी वर्षभरात पाच हजारच चालते, त्यांनी "पेट्रोल वाचेल" म्हणून हायब्रिड घेऊ नये. शांतता, गिअर-क्लचची दगदग नाही, धूर कमी, यांसाठी खुशाल घ्यावी. पण मग ती हौस आहे हे स्वतःशी कबूल करावे. हौसेला हिशेबाचा अंगरखा चढवला की माणूस दोन्हीकडून फसतो. ज्याने त्याने आपले किलोमीटर, आपल्या गावचा पेट्रोलचा भाव आणि त्या दिवशीचे किमतीतले अंतर घालून हे गणित घरीच, दुकानात जाण्याआधी, करावे.

सरकारी कराच्या बाबतीत एक समज अजून पुष्कळांच्या मनात आहे, की हायब्रिडला कर कमी. हा समज जुना झाला. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी या आकाराच्या पूर्ण हायब्रिड गाडीवर वस्तू व सेवा कर आणि उपकर मिळून ४३ टक्के आकारणी होती आणि त्याच आकाराच्या साध्या पेट्रोल गाडीवर ४५ टक्के. त्या तारखेपासून उपकर गेला आणि दोघींना सरसकट ४० टक्के लागू झाले. केवळ विजेवर चालणाऱ्या गाडीला मात्र ५ टक्केच. म्हणजे जी दोन टक्क्यांची मेहेरनजर होती तीही संपली. उत्तर प्रदेशाने २०२४ साली पूर्ण हायब्रिडचा नोंदणीकर माफ केला होता, तेव्हा येथील विक्रेतेही "आपल्याकडेही होणार" असे सांगत होते. होणाऱ्या गोष्टीवर सही करू नये. महाराष्ट्रात हायब्रिडला पेट्रोल गाडीप्रमाणेच कर भरावा लागतो. त्याचा तपशील पुढे येतो आहे, कारण तो पायऱ्यांच्या प्रश्नाशी बांधलेला आहे.

पायरी म्हणजे या मोसमातली आंब्याची पायरी नव्हे! दुकानात जिला 'व्हेरिएंट' म्हणतात तिला आम्ही पायरी म्हणतो. ग्रँड व्हिटाराच्या सिग्मा, डेल्टा, झीटा, अल्फा या ग्रीक पायऱ्या. हायरायडरच्या ई, एस, जी, व्ही या इंग्रजी. सर्वांत खालच्या पायरीवर पूर्ण हायब्रिड मिळतच नाही. ग्रँड व्हिटारात तर आरंभी ती फक्त वरच्या दोन पायऱ्यांवरच होती. याचा अर्थ असा, की ज्याला केवळ काटकसरीचे इंजिन हवे होते त्याला काचेचे छप्पर आणि चकचकीत चाकेही गळ्यात बांधून घ्यावी लागत. एप्रिल २०२५ मध्ये कंपनीने डेल्टा पायरीवर पूर्ण हायब्रिड आणली, १६ लाख ९९ हजार रुपयांना, आणि दार थोडे किलकिले झाले. त्याच महिन्यात दोन्ही गाड्यांच्या सर्व पायऱ्यांवर सहा एअरबॅगा आल्या. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. त्याआधी विक्रेता "घरच्यांच्या सुरक्षिततेसाठी वरची पायरी घ्या" असे म्हणे, आणि त्यात तथ्य होते. आता एअरबॅगांपुरते ते तथ्य उरले नाही. वरच्या पायरीसाठी आपण जे जादा मोजतो त्यातले बहुतेक आरामाचे आणि देखणेपणाचे दाम असते.

आराम वाईट असे आम्ही म्हणत नाही. पण कोणता आराम? आमची एक साधी कसोटी आहे. सोयींची यादी घेऊन बसावे आणि प्रत्येकीसमोर विचारावे : ही वस्तू नंतर बाहेरून बसवता येईल काय? चटया, आसनांची आच्छादने, चिखल अडवणारे रबर, मागचा कॅमेरा, या गोष्टी नंतर येतात आणि पुष्कळदा स्वस्तात येतात. चालकाचे आसन वर-खाली करण्याची सोय, मागच्या काचेवरचा वायपर आणि ती काच तापवणाऱ्या तारा, मागे बसणाऱ्यांसाठी गार हवेची तोंडे, चारही बाजूंचे कॅमेरे, या गोष्टी नंतर येत नाहीत किंवा नीट येत नाहीत. जुलै महिन्यात आंबा घाट चढताना मागची काच धुक्याने आणि चिखलाने आंधळी होते, तेव्हा तो लहानसा वायपर छपराच्या काचेपेक्षा शतपटीने मोलाचा वाटतो. आणि त्या छपराच्या काचेविषयी काय सांगावे! विदर्भात किंवा सोलापुरात एप्रिल-मेच्या उन्हात ती पडदा ओढून झाकलेलीच असते. लहान मुले घरात असतील तर गोष्ट वेगळी. त्यांचा आनंद खरा असतो. पण तिच्यासाठी आख्खी एक पायरी चढायची असेल, तर त्या आनंदाची किंमत आधी मोजून पाहावी.

उलट अरुंद वाड्यात किंवा पेठेतल्या बोळात गाडी लावणाऱ्या साठीच्या गृहस्थांना चार बाजूंचे कॅमेरे ही चैन नव्हे. मान वळेनाशी झाली की ती गरजच होते. हवा खेळवणाऱ्या आसनांचेही तसेच. पाठीला घाम येऊन चालणारा लांबचा प्रवास ज्याला वरचेवर आहे, त्याने ती घ्यावी. पायरी कुटुंबाच्या सवयीवरून ठरवावी, शेजाऱ्याच्या गाडीवरून नव्हे.

हायब्रिडच्या खरेदीत आणखी दोन-तीन गोष्टी पायरीच्या तक्त्यात लिहिलेल्या नसतात. एक, डिकी. बॅटरी मागे बसवलेली असल्यामुळे या गाड्यांच्या पूर्ण हायब्रिडमध्ये सामानाची जागा सौम्य गाडीपेक्षा बरीच कमी आहे. सिटीमध्ये तर साध्या गाडीची ५०६ लिटरची डिकी हायब्रिडमध्ये ३०६ लिटरवर आली. तेव्हा घरच्या दोन मोठ्या बॅगा प्रत्यक्ष नेऊन दुकानातच ठेवून पाहाव्यात. विक्रेता हसला तर हसू द्यावा. दुसरी, चारही चाकांना शक्ती हवी असेल, कोकणात शेतावर कच्च्या चढणीने जायचे असेल, तर ती सोय सौम्य हायब्रिडमध्येच मिळते. पूर्ण हायब्रिड पुढच्या चाकांवर चालते. आणि तिसरी, बाहेरच्या कारागिराकडून तारा कापून दिवे, कर्णे बसवण्याची आपली जी आवड, तिला येथे पूर्ण आळा घालावा. नारिंगी रंगाच्या तारांमध्ये जीव घेण्याइतकी वीज खेळत असते. पुष्कळ हायब्रिड गाड्यांत मागील आसनाजवळ एक जाळी असते, तिच्यातून बॅटरीला थंड हवा मिळते. हौसेने घातलेले जाड आच्छादन किंवा बाजारहाटाची पिशवी त्या जाळीवर आली, की बॅटरी तापते. आच्छादने घेताना ही जाळी कोठे आहे ते दुकानातच बोट ठेवून दाखवायला सांगावे.

आता पायरीचा करावर काय परिणाम होतो ते पाहा. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावर पेट्रोल गाडी घेतली, तर दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के असा मोटार वाहन कर आहे. (व्यवसायाच्या सोयीसाठी कंपनीच्या नावावर घ्या, असा सल्ला मिळतो, तेथे दर २० टक्के आहे, हे सल्लागार सांगायला विसरतात.) हा दर सबंध किमतीवर लागतो, केवळ वरच्या भागावर नव्हे. म्हणजे दुकानातली किंमत १९ लाख ९० हजार असली तर कर २,३८,८०० रुपये. तीच दोन रंगांच्या छपरामुळे २० लाख १० हजार झाली तर कर २,६१,३०० रुपये. रंगाचे वीस हजार आणि कराचे साडेबावीस हजार! काळे छप्पर असे बेचाळीस हजारांना पडते. शिवाय विम्याचा हप्ता गाडीच्या किमतीवर, कर्जाचे व्याज एकूण रकमेवर. तेव्हा दोन पायऱ्यांमधले अंतर विचारताना दुकानातल्या किमतीचे विचारू नये. रस्त्यावर आल्यावर पडणाऱ्या किमतीचे विचारावे, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवावेत.

हा कागद, ज्याला कोटेशन म्हणतात, तो म्हणजे लग्नाच्या याद्याच. त्यात मानपानाची कलमे कोणती आणि खरी देणी कोणती, हे ओळखता आले की निम्मी बोलणी झाली.

आमचे एक स्नेही आहेत, शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. भविष्यनिर्वाह निधीतले पैसे घेऊन ते हायब्रिड घ्यायला निघाले आणि आम्हाला सोबत नेले. दुकानाचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशी दुकाने सर्वत्र आहेत. विक्री करणारा मुलगा गोड होता. दोन वाक्यांत त्याने गुरुजींना 'काका' केले आणि कागद पुढे ठेवला. गुरुजींनी शेवटची बेरीज पाहिली, चष्मा काढला आणि म्हणाले, "यात काही कमी करा."

मुलगा म्हणाला, "काका, तुमच्यासाठी मॅनेजरशी भांडून पाच हजार कमी करतो."

आम्ही म्हटले, "बाळा, तू भांडू नकोस. एकेक ओळ वाचू या."

बेरजेवर घासाघीस करणे ही पहिली चूक. बेरीज हे विक्रेत्याचे मैदान, ओळ हे आपले. त्या कागदावर दुकानातली किंमत होती. ती कंपनीची, सर्वत्र सारखी. मोटार वाहन कर होता, तो सरकारचा. १ टक्का मूळ जागी गोळा केलेला प्राप्तिकर होता. दहा लाखांवरच्या गाडीला तो भरावाच लागतो, परंतु तो आपल्या नावावर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वजा करता येतो किंवा परत मिळतो. गुरुजी तो खर्चच समजत होते! सतरा लाखांवर सतरा हजार, आणि माणूस विसरून जातो. त्यानंतरच्या सर्व ओळी मात्र बोलण्याजोग्या होत्या.

विम्याची रक्कम होती ७८ हजार. नव्या गाडीला तिसऱ्या पक्षाचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, हा सप्टेंबर २०१८ पासूनचा नियम. त्याचा दर ठरलेला असतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र एका वर्षाचा घेता येतो, त्याचे दर कंपन्यांगणिक बदलतात, आणि तो दुकानदाराकडूनच घ्यावा असे कोणतेही बंधन नाही. शिवाय गुरुजींच्या जुन्या गाडीवर पाच वर्षांत एकही दावा नव्हता. दावा न केल्याची सवलत ५० टक्क्यांपर्यंत चढते, आणि ती गाडीची नसते, मालकाची असते. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून तसे पत्र घेतले, की ती सवलत नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्याला लागते. पत्र तीन वर्षे चालते. दुकानाच्या कागदात तिचा उल्लेखही नव्हता. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी बाहेरून दर आणला, तो ५४ हजारांचा. आश्चर्य म्हणजे तो दाखवताच दुकानानेही ५४ हजार लिहून दिले.

मग 'हाताळणी'चे साडेनऊ हजार. गाडी गोदामातून दुकानात आणण्याचा खर्च म्हणे. कारखान्यातून दुकानापर्यंतचा प्रवास किमतीत धरलेला असताना गोदामाचे भाडे गिऱ्हाइकाने का द्यावे? आम्ही एवढेच म्हटले, "या रकमेची वेगळी पावती कशाबद्दल मिळेल ते लिहून द्या." ती ओळ खोडली गेली. या ओळीवर वाद घालावा लागत नाही, पावती मागावी लागते.

सजावटीच्या सामानाचे ३८ हजार होते. क्रोमच्या पट्ट्या, दारावरच्या चमकत्या पायपट्ट्या, उशा. गुरुजींनी चटया आणि चिखलरबर एवढेच ठेवले, सहा हजारांत. मुलगा म्हणाला, "संच घेतला तरच गाडी लवकर मिळेल." याला आमचे उत्तर असे होते, की मग आम्ही बहिणीकडे जाऊन येतो. श्रोत्यांना आठवत असेल, एकाच कारखान्यातल्या दोन बहिणी दोन दुकानांत उभ्या आहेत. हायब्रिडच्या गिऱ्हाइकाच्या हातातले हे सर्वांत मोठे हत्यार आहे. दोन्हीकडची सारख्या पायरीची लेखी कोटेशने खिशात असली, की आवाज चढवावा लागत नाही.

राहिली वाढीव हमीची ओळ. मुलाने येथे थोडी भीती घातली : "काका, बॅटरी गेली तर लाखांत खर्च." हे काही बरोबर नव्हते. या गाड्यांच्या हायब्रिड बॅटरीला कंपनी आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी हमी मुळातच देते. ती किमतीत आलेली आहे. गुरुजी रागावून ती ओळही खोडायला निघाले. पण आम्ही थांबवले. बॅटरी सोडून या गाडीत विजेची आणि संगणकाची इतर बरीच महागडी अंगे आहेत, आणि ती गल्लीतला मिस्त्री दुरुस्त करू शकत नाही. गाडी आठ-दहा वर्षे ठेवायची तर वाढीव हमी घेण्यात शहाणपण आहे. खोटे कारण सांगून विकलेली वस्तू खरोखर उपयोगाचीही असू शकते. एकंदर साडेपासष्ट हजार उतरले, आणि कोणी कोणाचा अपमान केला नाही.

जुन्या गाडीच्या बदल्याची बोलणी नव्या गाडीचा भाव लेखी ठरल्यानंतरच सुरू करावी. दोन्ही एकत्र केली की एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने जाते. जुनी गाडी देताना नमुना २९ व ३० वर सह्या करून तिच्या नावबदलाची पोच मिळवावी, नाहीतर पुढच्या मालकाचे दंड आपल्या दारी येतात.

भाव कोणत्या दिवसांत उतरतो? पाडवा आणि दसरा हे घासाघीशीचे दिवस नव्हेत. त्या दिवशी दुकानदाराला गिऱ्हाईक नको झालेले असते. महिन्याची अखेर, मार्चची अखेर बरी, कारण विक्रीचे उद्दिष्ट गाठायचे असते. आणि आपल्याकडे सर्वांत उत्तम काळ म्हणजे पितृपक्ष! दुकान रिकामे, विक्रेते जांभया देत बसलेले. ज्यांना त्या पंधरवड्यात गाडी घरी आणायची नाही, त्यांनी आणू नये. पण बोलणी करून भाव लिहून घ्यायला पितरांची हरकत असेल असे आम्हाला वाटत नाही. गाडी घटस्थापनेला आणावी. २०२५ साली तर योग विलक्षण होता. नवे कर २२ सप्टेंबरला लागू झाले आणि तीच घटस्थापना होती. ज्यांनी पितृपक्षात भाव ठरवून ठेवला त्यांना दोन्ही लाभ झाले. मात्र एक अट लिहून घ्यावी. कंपन्यांचा नियम असा असतो, की गाडी हाती देण्याच्या दिवशी जी किंमत असेल ती लागू. तेव्हा आगाऊ रक्कम परत मिळेल काय आणि सवलत तीच राहील काय, हे पावतीवरच लिहवून घ्यावे. तोंडी शब्द देणारा मुलगा पुढच्या महिन्यात दुसऱ्या दुकानात गेलेला असतो.

डिसेंबरातली स्वस्ताई नीट पारखावी. ती गाडी जानेवारीत एक वर्ष म्हातारी होते. नोंदणीच्या पुस्तकात उत्पादनाचा महिना व साल कायमचे लिहिलेले राहते. दहा वर्षे गाडी ठेवणाऱ्याने ती बेलाशक घ्यावी. तीन-चार वर्षांत विकणाऱ्याने सवलत त्या मानाने मोठी आहे का ते पाहावे.

शेवटची रक्कम भरण्याआधी आणि नोंदणी होण्याआधी, गाडी दिवसाउजेडी पाहायला मागावी. चॅसिस क्रमांक वहीत उतरवून घ्यावा, उत्पादनाचा महिना नमुना २२ शी पडताळावा, किलोमीटरचा आकडा पाहावा, रंग तिरप्या उजेडात न्याहाळावा, टायरांवरचे सप्ताह व वर्षाचे आकडे वाचावेत. विक्रीचा दाखला म्हणजे नमुना २१; त्यावरील पायरीचे नाव आपण मागितलेलेच आहे ना, हे पाहावे. नोंदणी झाल्यावर सापडलेला ओरखडा हा आपला ओरखडा असतो.

गुरुजींची गाडी दसऱ्याला घरी आली. वहिनींनी ओवाळले, नारळ फुटला, गुरुजी आत बसले आणि चालू करण्याचे बटण दाबले. आवाज नाही! पुन्हा दाबले, तर होती ती गाडी बंद झाली. शेजारी म्हणाले, घरी आणल्या आणल्या बिघडली. हायब्रिडमध्ये बटण दाबल्यावर इंजिन गरजत नाही. समोर हिरव्या अक्षरांत 'रेडी' असे उमटते आणि गाडी निमूटपणे निघायला तयार असते. म्हणून वाड्यात, अंगणात गाडी मागे घेताना आधी ते अक्षर पाहावे, मग आरसे पाहावेत, आणि मागे मूल खेळत नाही ना हे काच उतरवून एकदा पाहावे, कारण त्या मुलाला इंजिनाचा आवाज ऐकू येणार नाही.